दुभाषा डिस्चार्जच्या वेळीही हवा

संपादक महोदय,

दुसऱ्या देशात जाऊन स्थायिक झालेल्या रुग्णाला तिथल्या डॉक्टरांची भाषा येत नसेल, तर शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी दुभाषा बोलावला जातो. घरी सोडताना मात्र सोबतच्या नातेवाइकावरच भागवून नेतात. ही पद्धत आधी बदलली पाहिजे. वॉर्डात डोस चुकला तर नर्सच्या लक्षात येतो, घरी तो कोण पकडणार?

लहान मुलाला अँटिबायोटिकचं सिरप दिलं, 5 मिली, दिवसातून तीनदा, एवढंच उदाहरण घ्या. ‘एक चमचा’ असं सांगितलं आणि घरात मोठा चमचा वापरला, तर 15 मिली, म्हणजे तिप्पट औषध पोटात जातं. म्हणून सुईविरहित सिरिंज द्यावी, 5 च्या रेघेवर पेनाने खूण करावी आणि आईला तिथेच एकदा भरून दाखवायला सांगावं. ‘समजलं का?’ विचारू नये. त्याला संकोचाने होकारच मिळतो. ‘घरी किती आणि कधी द्याल, ते सांगा,’ असं विचारावं. बरं वाटलं तरी औषध किती दिवस चालू ठेवायचं, कोणती लक्षणं दिसली तर लगेच परत यायचं, हेही तिच्याकडूनच वदवून घ्यावं. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि ती दिलीच पाहिजेत.

मुलांना दुभाषा करणं तर थांबायलाच हवं. त्यांना वैद्यकीय शब्द ठाऊक नसतात, वाईट बातमी ती गाळतात, आणि अंगावरून जाण्याची तक्रार कोणती आई मुलाच्या तोंडून सांगेल? अमेरिकेत 2016 च्या नियमांनी तातडीचे प्रसंग वगळता याला मनाई केली. नवरा दुभाषा असेल, तर घरातल्या मारहाणीबद्दल बायको बोलणारच नाही.

प्रत्यक्ष दुभाषा नसेल तर फोन आहे. ऑस्ट्रेलियात अशी सेवा 1973 पासून आहे. फोन स्पीकरवर ठेवावा, खोलीत कोण कोण आहे ते आधी सांगावं, एक-दोन वाक्यांनंतर थांबावं आणि रुग्णाकडे बघूनच बोलावं. ‘इथे दुखतं का?’ हा प्रश्न फोनवरच्या माणसाला निरर्थक असतो. ‘उजव्या बरगडीखाली’ असं म्हणावं लागतं. मोबाइलवरचं यांत्रिक भाषांतर एक्स-रे विभागाचा रस्ता दाखवायला ठीक. डोस आणि संमतीसाठी त्यावर विसंबू नये. त्यात एखादा ‘नको’ गळला तरी वाचणाऱ्याला कळत नाही.

नोंदणीच्या वेळी देश विचारून भाषेचा अंदाज बांधू नये. अफगाणिस्तानातून आलेला माणूस दरी, पश्तो किंवा उझबेक बोलणारा असू शकतो. कोणत्या भाषेत बोलता आणि कोणती वाचता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वाचता येत नसेल तर छापील पत्रक कितीही अचूक असो, निरुपयोगीच. ही उत्तरं केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहावीत आणि पुढची तारीख देतानाच दुभाषा ठरवून नेहमीच्या दुप्पट वेळ राखून ठेवावा.

आपले,
रुग्णालयांत दुभाषाचं काम करणारे काही जण