दिग्याला पत्र: ३८ ऐवजी ३५

प्रिय दिग्या,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. दीड वर्ष तुला फोन नाही, मेसेज नाही, नातवाच्या मुंजीलाही आलो नाही, तेव्हा जी कारणं सांगितली त्यातलं रिझर्व्हेशन मिळालं नाही हे खोटं होतं आणि कुंदाचा गुडघा हे अर्धं खरं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती आता माझ्यापेक्षा भराभर चालते. माझं बीपी गोळीवर आहे. झाली तब्येत.

आता मुद्द्याचं. आपल्या लॅबच्या सरांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. सुनेचा फोन आला, काका माळ्यावर तुमच्या लॅबची काहीतरी खोकी आहेत, रद्दीवाला न्यायला तयार नाही म्हणतो कागद जाड आहे, तुम्ही बघता का. गेलो रिक्षा करून. सहा खोकी. बुटांची. वर तुझ्या त्या फताड्या अक्षरात 'कृपया गठ्ठा उलटा ठेवू नये' आणि त्याखाली माझ्या अक्षरात 'म्हणजे नक्की कसा?'. दिग्या, आपली कार्डं रे! अठराशेच्या आसपास असतील, सगळीच्या सगळी. एका खोक्यात उंदराने घर केलं होतं बहुतेक, तिथली शंभरेक कार्डं कुरतडलीयेत, कडा कुरतडलेलं कार्ड म्हणजे काय ते तुला सांगायला नको, उंदराने स्वतःचंच कोडिंग करून ठेवलंय.

घरी आणली तर नात बसली होती, तिचं पीएचडीचं चाललंय, लॅपटॉपवर झोटेरो उघडून, ते पेपरांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर. म्हणाली आजोबा हे काय, बसचं तिकीट का? भोकं बघून. मग तिला समजवायला बसलो आणि तिथेच सगळं बिघडलं. बिघडलं म्हणजे काय ते पुढे सांगतो, जरा दम धर, तुला कायमच निष्कर्ष आधी लागतो.

तिला म्हटलं, बाई गं, आमच्या वेळी एखाद्या झाडावर आधी कोणी काय काम केलंय हे बघायचं म्हणजे लायब्ररीत जाऊन केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्सचे, म्हणजे केमिस्ट्रीच्या पेपरांच्या सारांशांचे, ते ठोकळे उपसायचे, १९०७ पासूनचे, इंडेक्स दहा दहा वर्षांचे, नंतर पाच पाच वर्षांचे, आणि धूळ एवढी की संध्याकाळपर्यंत नाकातून काळं यायचं. सापडलेला प्रत्येक पेपर एका कार्डावर लिहायचा. साधं कार्ड असलं तर ते एकाच जागी लावता येतं, लेखकाच्या नावाने लावलं की झाडाच्या नावाने सापडणार नाही. म्हणून ही भोकांची कार्डं. चारही कडांना भोकं, प्रत्येक भोकाला अर्थ. पळस असेल तर पळसाच्या कुळाचं भोक कडेपर्यंत कापायचं, म्हणजे भोकाची खाच होते. मग सगळा गठ्ठा ठोकून एकसारखा करायचा, त्या भोकातून सुई घालायची आणि उचलून हलवायचं. खाच असलेली कार्डं सुईला अडकतच नाहीत, ती खाली पडतात, बाकीची सुईवर लटकून राहतात. कार्डं कुठल्याही क्रमाने लावलेली असोत, काही फरक नाही. नात म्हणाली, म्हणजे क्वेरी. म्हटलं हो, क्वेरीच, फक्त लाइट गेली तरी चालणारी.

मग तिने विचारलं की भोकं तर शंभरच आहेत, कुळं तर कितीतरी. झालं, मला एकदम सरांसारखा घसा आला. सात-चार-दोन-एक! एका आकड्याला चारच भोकं, ७, ४, २, १, आणि बेरजेने शून्य ते नऊ काहीही लिहायचं, कुठल्याच आकड्याला दोनपेक्षा जास्त खाचा लागत नाहीत. तीन म्हणजे दोन आणि एक, आठ म्हणजे सात आणि एक. दोन आकड्यांना आठ भोकं की नव्व्याण्णव कुळं मावली. ती म्हणाली मस्त आहे, कोणी शोधलं. आता ते मला नक्की सांगता येईना, म्हटलं या कार्डांना इंग्लंडात कोप-चॅट म्हणायचे, अमेरिकेत मॅकबीचं कीसॉर्ट, आणि आम्ही म्हणायचो 'सरांची सोलापुरी चादर', कारण सर इंग्लंडहून येताना स्वेटर घरच्यांना देऊन टाकून बॅगेत ही कोरी कार्डं भरून आले होते असं तूच पसरवलं होतंस.

आणि आपली सुई! मूळची हरवली ती हरवलीच, खोक्यात निघाली ती तुझ्या आईची स्वेटरची सुई, टोकाला लाल मणी असलेली. काकूंनी शेवटपर्यंत विचारलं होतं वासू माझी सुई दे रे म्हणून. ती पण मीच दिली नाही बघ.

आठवतं का, फिजिक्सवाले ट्रंकेत कार्डं भरून मुंबईला टीआयएफआरच्या कॉम्प्युटरकडे जायचे, ऐंशी कॉलमवाली, आणि लोकलमध्ये ट्रे सांडला की क्रम गेला म्हणून बसायचे डोकं धरून. आपण त्यांना हसायचो, आमची सांडली तरी चालतात. आणि ग्रंथपाल आपल्याला हसायचे, रंगनाथनांनी पुस्तकं लावायच्या त्यांच्या कोलन क्लासिफिकेशनमध्ये १९३३ सालीच विषयाचे तुकडे पाडून ठेवलेत, तुम्ही आता त्याला भोकं पाडताय म्हणून. त्यांचा तो विनोद मला तेव्हा कळला नव्हता, आत्ता लिहिताना कळला.

बरं. तुझं आणि सरांचं ते मूअर्सवरून झालेलं भांडण. केसी आणि पेरीचं ते पंच्ड कार्डांवरचं जाडं पुस्तक, १९५१ चं, सरांच्या कपाटातून तू न विचारता नेलंस आणि दोन दिवसांनी अंगात आल्यासारखा आलास. तो अमेरिकेतला कार्डांच्या कोडिंगवाला कॅल्व्हिन मूअर्स म्हणतो एकेका भोकाला एकेक अर्थ कशाला, प्रत्येक शब्दाला चार भोकांचा एक अटकळपच्चू नमुना द्या आणि सगळे नमुने एकाच पट्टीत एकावर एक कापा, मग शब्द कितीही मावतात. सर म्हणाले, आणि दोन शब्दांच्या खाचा मिळून तिसऱ्याच शब्दाचा नमुना तयार झाला तर? तू म्हणालास तर भलती कार्डं पडतील चार-दोन, मूअर्सला ते माहीतच आहे, हाताने बाजूला काढू. सर म्हणाले माझ्या लॅबमध्ये भलतं काही पडणार नाही. आणि मी, गाढवासारखा, सरांच्या बाजूने बोललो. खरं सांगायचं तर मला तुझं पटलं होतं, पण त्या आठवड्यात माझ्या फेलोशिपच्या कागदावर त्यांची सही व्हायची होती.

तुझं बरोबर होतं रे. भलतं कार्ड पडलं तर ते डोळ्यासमोर असतं, उचलून टाकता येतं. जे पडायला हवं होतं आणि पडलं नाही, ते कोणाला दिसणार?

हां. तर नातीला दाखवायचं म्हणून गठ्ठा घेतला. कुठलं भोक, कुठला नंबर कशाचा ते लिहिलेली कोडशीट खोक्यात नाही, सगळी खोकी पालथी घातली. पण मला एकच नंबर पाठ आहे आणि तो का पाठ आहे हे तुला माहितीये. ३८. लेग्युमिनोसी. पळस, पांगारा, बहावा, करंज, सगळी शेंगवाली मंडळी. गठ्ठा टेबलावर ठोकला, कापलेले कोपरे एका बाजूला आहेत का बघितले, दोन कार्डं उलटी होती ती सरळ केली. दशकाचा दोन, दशकाचा एक, एककाचा सात, एककाचा एक. चार वेळा सुई. पहिल्यांदा हात थरथरत होता, गठ्ठा वाकडा उचलला आणि काहीच पडेना, पन्नास वर्षं दाबून राहिलेली कार्डं एकमेकांना चिकटलेली. मग पंख्यासारखा फाकवला आणि हळूच हलवलं तसा तो आवाज आला, कबुतर उडाल्यासारखा, फरफर. नातीने टाळ्या वाजवल्या. शेवटी हातात चौसष्ट कार्डं राहिली.

चौसष्ट कार्डं मी एकेक करून बघितली. तिला वाटलं आजोबा जुन्या आठवणीत गेले. मी ते कार्ड शोधत होतो. पांगाऱ्याच्या सालीचं. नव्हतं त्यात.

दिग्या, त्या दिवशी परीक्षकांचं पत्र आलं होतं की तुमचा हा नवीन पदार्थ नवीन नाही, आधीच छापून आलेला आहे, आणि सर म्हणाले हे कार्ड आपल्याकडे आहे, मला तो पेपर आठवतोय, तू शोधलंच नाहीस. तू म्हणालास सर मी दोनदा सुई घातली, पडलं नाही. सर म्हणाले सुई खोटं बोलत नाही. सगळ्यांसमोर. तू ॲप्रन काढून खुर्चीवर ठेवलास आणि गेलास, आणि पंधरा दिवसांत अंकलेश्वरची नोकरी घेतलीस. तेव्हा अठराशे कार्डं नव्हती, बाराशे असतील, एका रात्रीत हाताने चाळून झाली असती. मी चाळली नाहीत. मला सगळे विचारायचे की वासू तू का नाही बघितलंस, मी म्हणायचो आता उपयोग काय. खरं कारण वेगळं होतं. त्या उन्हाळ्यात शेंगवाल्यांची सगळी कार्डं मी कापली होती. तुला ताप होता म्हणून तुझ्या वाटचीसुद्धा. रात्री अकरा वाजता, एका हातात पंच, दुसऱ्या हातात भजी, रेडिओवर कॉमेंट्री. सापडलं असतं तर कोणाच्या अक्षरात सापडलं असतं हे मला आतून माहीत होतं.

नात झोपल्यावर बसलो. रात्री दीडला सापडलं. सातशे कितवं तरी. माझं अक्षर, हिरवी शाई, पांगारा, साल, सगळं नीट लिहिलेलं. कोपऱ्यात पेन्सिलने ३८ सुद्धा लिहिलंय. आणि खाली एककाच्या जागी सातऐवजी चार कापलाय. एक आहे, चार आहे. म्हणजे ३५. सात अख्खा आहे, गोल, कोणी हात न लावलेला. ३५ म्हणजे लॅबिएटी, ते मी अकारविल्हे मोजून काढलं, लॅबिएटी, लॉरेसी, लेसिथिडेसी, लेग्युमिनोसी. तुळशीचं कुळ! पांगारा इतकी वर्षं तुळशीवृंदावनात बसला होता आणि तू त्याला शेंगवाल्यांत सुया टोचत होतास.

चुकीची खाच बुजवायला त्या गोंदाच्या पट्ट्या मिळायच्या, सरांच्या ड्रॉवरमध्ये पाकीटभर होत्या, दहा सेकंदांचं काम. कार्ड हातात घेऊन मी त्याचा विचार करत बसलो, मुर्खासारखा, की आता पट्टी लावली तर.

मला हे फोनवर सांगता आलं नसतं. तू हसून उडवून लावलं असतंस, अरे जाऊ दे रे, अंकलेश्वरला माझं चांगलंच झालं, घर झालं, पोरं शिकली, वगैरे. झालंच चांगलं, माहितीये. पण त्यानंतर कुठेही कोणी केमिस्ट्रीचं बोललं की तू उठून पाणी प्यायला जायचास, माझ्या थिसीसच्या पार्टीत तर तीनदा गेलास, ते मी बघितलंय. आणि सर. सर गेल्या वर्षी हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा एकदा म्हणाले, दिगंबर हुशार होता पण आळशी. मी मोसंबं सोलत होतो. सोलत राहिलो. तेव्हा मला नक्की माहीत नव्हतं, असं मी आता स्वतःला सांगतोय, पण माहीत नसायची मी सोय करून ठेवली होती हे पण खरं. त्यांना आता सांगता येत नाही. सुनेला सांगू का? तिला काय कळणार, ती म्हणेल काका चहा घेता का.

नात म्हणते आजही असंच होतं, तिने एका पेपरला टॅग लावताना स्पेलिंग चुकवलं आणि तो सहा महिने सापडला नाही. पण तिला निदान अक्षरं टाइप करून शोधता येतं. ती म्हणतेय सगळी कार्डं स्कॅन करू, कडेच्या खाचा कॉम्प्युटर वाचेल. वाचेल, पण कोडशीटशिवाय त्याचा अर्थ काय सांगेल? कुळांचं मी जमवलं, वर्षांचं जमवता येईल, पण वरच्या कडेची ती एकेकटी भोकं तू ठरवली होतीस आणि कागद तुझ्याकडेच होता, मला वाटतं तू ॲप्रनच्या खिशात ठेवायचास. ॲप्रन तर खुर्चीवर राहिला. शोध ना घरी, जुन्या सर्टिफिकेटांच्या फाइलीत वगैरे. वहिनींना विचार, बायकांना असलं सापडतं.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? धाकट्याचं कॅनडाचं कुठवर आलं? नातवाला मुंजीचे पैसे पाठवायचे राहिलेत, या पत्राबरोबर चेक आहे, चेक वटवायला बँकेत जावं लागतं म्हणून ओरडू नकोस.

पांगाऱ्याचं कार्ड पाकिटात घालत होतो, मग काढलं, मग परत घातलं. शेवटी घातलंय. तुझं तू बघ, फाड, नाहीतर सातची खाच मार, तुझ्याकडे नेलकटर असेलच.

आणि एक. वरच्या कडेचं एकोणिसावं भोक कशाचं होतं? त्यातून सुई घातली की एक्केचाळीस कार्डं पडतात, आंब्याची साल, जपानी नेचा, कुठलीतरी हळद, चार वेगळी कुळं, सहा वेगळी वर्षं, काहीएक मेळ बसत नाही आणि सगळ्या खाचा तुझ्या हातच्या आहेत, माझ्यासारख्या फाटक्या नाहीत. तीन दिवस डोकं खातोय त्याच्यावर.

तुझा,
वासू