बर्फाखालची उष्णता मोजा: पृथ्वी विज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या खात्याच्या मोहिमा दरवर्षी अंटार्क्टिकाला जातात, म्हणून मागणी थेट आपल्याकडेच करतो. बर्फाच्या तळाशी जमिनीतून किती उष्णता वर येते, हे मोजण्याचं काम या मोहिमांनी हाती घ्यावं.

ही उष्णता ऐकायला अगदीच किरकोळ वाटते. खंडांवर दर चौरस मीटरला सरासरी 65 मिलिवॉटच्या आसपास. पण चार किलोमीटर जाडीचा बर्फ गोधडीसारखा वरची थंडी अडवून धरतो, आणि त्याच्याच दाबामुळे तळाचा बर्फ उणे तीन अंशांच्या सुमारास वितळायला लागतो. अशा जागी ही ऊब सगळी वितळण्यातच खर्ची पडली, तर वर्षाला सहा-सात मिलिमीटर बर्फाचं पाणी होतं. अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक या रशियन संशोधन केंद्रावर 1983 साली उणे 89.2 अंश तापमान नोंदलं गेलं; त्याच केंद्राखाली सुमारे 250 किलोमीटर लांबीचं न गोठलेलं तळं आहे! तिथलं ड्रिल 3,539 मीटरच्या खाली गेलं आणि वर येणारा बर्फच बदलला. हवेचे बुडबुडे जवळजवळ नाहीत, स्फटिक मात्र प्रचंड. तळ्याचं पाणी वरच्या बर्फाला खालून चिकटून गोठलं होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

तळाशी पाणी झालं की बर्फ समुद्राकडे सहज घसरतो. म्हणजे समुद्र किती चढेल, या हिशोबात ही उष्णता धरावीच लागते. तिचे नकाशे मात्र बहुतेक चुंबकीय आणि भूकंपीय नोंदींवरून काढलेले अंदाज आहेत. पश्चिम अंटार्क्टिकातल्या व्हिलन्स हिमप्रवाहाखालच्या (समुद्राकडे वेगाने सरकणाऱ्या बर्फाच्या पट्ट्याखालच्या) तळ्यापर्यंत 800 मीटर बर्फाला भोक पाडून गाळात तापमापक रोवला, तेव्हा आकडा निघाला सुमारे 285 मिलिवॉट. सरासरीच्या चौपटीहून जास्त.

‘बर्फ पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनेच वितळतोय, माणसाचा काय दोष,’ असं हल्ली सर्रास ऐकू येतं. हे चुकीचं आहे, आणि आपल्या खात्याने ते ठणकावून सांगायला हवं. ज्वालामुखी सोडले तर ही उष्णता हजारो वर्षं जवळपास तेवढीच राहते. गेल्या काही दशकांत तापली आहे ती हवा आणि समुद्र.

पुढच्या मोहिमेत बर्फाला तळापर्यंत भोक पाडणार असाल, तर त्यातून तापमापक सोडा आणि खालच्या गाळात किंवा खडकात रोवा. नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवा.

आपला,
एक विज्ञानप्रेमी नागरिक