ग्रीसमधल्या स्खिनूसा बेटावरच्या बार्बांना, ज्यांनी आमची दोरी सोडू दिली नाही

ती. बार्बा,

सा. न. वि. वि.

तुमचं खरं नाव मला माहीत नाही. सगळं बंदर तुम्हाला ‘बार्बा’ म्हणत होतं, म्हणून आम्हीही म्हणालो. आमच्याकडे वयस्कर माणसाला ‘तात्या’ म्हणतात तसंच ते. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, तेही ठाऊक आहे. वरच्या दुकानातल्या मुलीला इंग्रजीत चार ओळी पाठवल्यात, त्या ती वाचून दाखवेल. पण त्या चार ओळींत फक्त आभार मावले. चूक कबूल करायची राहिली, आणि ती आपल्या भाषेत, आपल्या माणसांसमोर केलेली बरी. निळ्या पाण्यातले आमचे फोटो बघून ‘आम्हीही पुढच्या वर्षी बोट भाड्याने घेणार’ म्हणणारे बरेच निघालेत. त्यांनी हे जरूर वाचावं.

माझं आजोळ हर्णैचं. पावसाळ्यात किनाऱ्यावर झापांनी शाकारलेल्या होड्या बघत मी मोठी झाले. नारळी पौर्णिमेआधी समुद्रात कुणी जात नाही, हे मला पाढ्यांच्याही आधी माहीत होतं. तीच मी, हॉलंडच्या आयसेलमेर सरोवरावर चार उन्हाळे शीड चालवायला शिकले, परवाना काढला आणि ऐन जुलैच्या शेवटी नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा यांना घेऊन ग्रीसच्या एजियन समुद्रात उतरले. नाक्सोस बेटाहून स्खिनूसा अठरा-वीस सागरी मैल. तिथून अमोर्गोस बेटाचं कातापोला बंदर आणखी सोळा-सतरा. नकाशावर सगळं चार बोटांत मावत होतं.

इथल्या उन्हाळी वाऱ्याबद्दल, मेल्तेमीबद्दल, मी वाचलं होतं. उन्हाळ्यात बाल्कनवर हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानवर कमी, आणि मधल्या समुद्रातून उत्तरेचा वारा दिवसेंदिवस वाहत राहतो. तुर्कस्तानवरचा तो कमी दाब म्हणजे आमच्या मान्सूनच्याच कमी दाबाच्या पट्ट्याचं पश्चिमेला लांबलेलं शेपूट, हेही वाचलं होतं. म्हणजे ज्या दिवसांत हर्णैची होडी जमिनीवर असते, त्याच दिवसांत, जवळजवळ त्याच कारणाने इथेही समुद्र खवळतो. हे दोन धागे मला जोडता आले नाहीत, कारण आभाळ निळंशार होतं. आमच्या डोक्यात वादळ म्हणजे काळं आभाळ, सरी, विजा. लख्ख उन्हात, एक थेंब न पडता वारा भणाणतो हे आम्हा कोकणच्या लोकांच्या गावी नाही.

सकाळी नाक्सोसच्या धक्क्यावरून निघालो तेव्हा वाऱ्याचा अंदाज पाच बोफोर्टचा (वाऱ्याचा जोर मोजायची श्रेणी) होता. वारा पाठीवर, पुढचं एकच शीड उघडलेलं, बोट सहा नॉट्सने मजेत चाललेली. नवऱ्याने पोहे केले. बेट संपून दक्षिणेच्या मोकळ्या पाण्यात आलो आणि चित्र पालटलं. नाक्सोसचा झास डोंगर हजार मीटरचा. त्याच्या आडोशाला वारा कमी लागेल असा माझा हिशोब होता. प्रत्यक्षात तो डोंगरावरून घसरत झोतांनी खाली येत होता. वाऱ्याच्या काट्यावर १८ नॉट्स, एकदम ३४, परत २०. मुलं पट्ट्याने बांधलेली होती, म्हणून धीर होता. धाकट्याने बादली पकडली, आणि मग त्याच्या बाबानेही. पोह्यांचं काय झालं ते लिहीत नाही.

स्खिनूसाच्या बंदरात, मेर्सिनीच्या खाडीत शिरलो आणि नांगर सोडायचं बटण दाबलं, तर नुसतं ‘टक्’. बोट देणाऱ्यांनी ताबा देताना ‘कधीकधी अडतं, परत दाबा’ इतकंच सांगितलं होतं. मी पाच वेळा दाबलं. तोवर झोताने बोटीचं तोंड फिरवलं आणि आम्ही आडवे होऊन धक्क्यावरच्या फ्रेंच बोटीकडे सरकायला लागलो. तिच्यावरची बाई बोटी एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये धरायचा फुगीर बोया हातात घेऊन, तोंडाने काही न बोलता आमच्याकडे बघत होती. तो चेहरा मला अजून दिसतो.

तेवढ्यात तुमची निळी लाकडी होडी आली. तुम्ही ओरडला नाहीत, की हातवारे केले नाहीत. होडीचं नाक आमच्या कुशीला लावून आम्हाला हळूच बाजूला रेटलंत, ‘सिगा, सिगा’ (हळू, हळू) म्हणत वर चढलात आणि माझ्या हातातला नांगराचा रिमोट घेऊन खिशात टाकलात. मग शिडाचा विंच फिरवायचा दांडा मागितलात, नांगराच्या यंत्रात घातलात आणि अर्धा वेढा सैल केलात. साखळी खडखडत आपोआप सुटली. वीज नसली तरी नांगर हाताने सोडता येतो, हे मला परवान्याच्या परीक्षेत विचारलं होतं. उत्तरही बरोबर लिहिलं होतं मी.

त्या रात्री तुम्ही पातेलंभर फावा पाठवलात. मुलांनी दोन दिवस काही धड खाल्लं नव्हतं. झाकण उघडलं तर पिवळंधम्मक घट्ट वरण! वर कांदा, ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. मी गुपचूप जिऱ्या-हिंगाची फोडणी दिली (माफ करा) आणि भातावर वाढलं. धाकटा तिसऱ्यांदा मागून घेत म्हणाला, ‘आजीसारखं झालंय.’ माझ्या स्वयंपाकाला हे वाक्य आजवर मिळालेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीत पाणी सपाट होतं. अमोर्गोसला पोचायचं वेळापत्रक होतं, तिथून पुढचं ठरलं होतं, बोट परत द्यायची तारीख डोक्यावर. मी धक्क्यावरच्या खुंट्याची दोरी सोडायला वाकले. तुम्ही तुमची पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची उचललीत, खुंट्याशेजारी ठेवलीत, बसलात आणि आमच्या दोरीवर पाय ठेवून जाळं विणायला लागलात. मी म्हटलं, ‘अमोर्गोस.’ तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘आव्रियो.’ म्हणजे उद्या. मी फोनवरचा अंदाज दाखवला. तुम्ही सुईने उत्तरेकडे नाक्सोसचा माथा दाखवलात. निळ्या आभाळात त्या एका डोंगरावर कापसासारखी टोपी बसली होती.

मला राग आला होता, बार्बा. परक्या म्हाताऱ्याने माझ्या बोटीच्या दोरीवर पाय ठेवायचा म्हणजे काय? नवऱ्याशी मराठीत तुमच्याबद्दल जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुम्हाला सूर कळला असणारच, कारण तुम्ही हसलात.

त्या दिवशी संध्याकाळची छोटी फेरीबोट आली नाही. दुकानातली मुलगी म्हणाली, ‘आपागोरेफ्तिको’, जहाजांना बंदी. मुलीला घेऊन मी टेकडीवर चढले, तर समोरच्या केरोस बेटाच्या पलीकडे, अमोर्गोसच्या वाटेवर सगळा समुद्र पांढरा झाला होता. आम्ही निघालो असतो तर तो वारा आडवा, त्या लाटा आडव्या, आणि तीन तास वळायला जागा नाही. मुलगी काही बोलली नाही. तिने फक्त माझा हात धरला, आणि अकरा वर्षांची मुलगी आईचा हात हल्ली सहसा धरत नाही.

तिसऱ्या दिवशीही खुर्ची तिथेच होती. मी दोरीकडे गेलेच नाही. खाली मांडी घालून बसले आणि तुम्ही मला जाळ्याची गाठ शिकवलीत. ती हर्णैच्या गाठीसारखीच निघाली.

चौथ्या दिवशी पहाटे तुम्ही पाय उचललात. त्यातही आमचा नांगर वर येईना, कारण तो शेजाऱ्याच्या साखळीत अडकला होता. तुम्ही होडी घेऊन आमच्या बोटीच्या पुढच्या टोकाखाली आलात, हिरवी दोरी त्या परक्या साखळीखालून ओवलीत, दोन्ही टोकं माझ्या हातात दिलीत आणि बांधायला लावलीत. नांगर जरा खाली सोडताच तो सुटला. मग दोरीचं एक टोक मोकळं केलं, साखळी ‘डुबुक’ करून तळाशी गेली आणि आम्ही निघालो. केरोसपर्यंत तर शीड भरेल इतकाही वारा नव्हता.

कातापोलाला पोचल्यावर बघते तर तुमची हिरवी दोरी आमच्याच बोटीवर. एका टोकाला हाताने विणलेला फास, त्यात मध्येच निळा धागा. ती धुऊन, वाळवून घरी आणली आहे. पोस्टाने पाठवणार नाही, स्वतःच आणून देईन. सप्टेंबरात.

तुमची,
रिमोट खिशात गेलेली ती बाई