एच-१बी फेटाळला गेल्यावर दाद कोणी मागायची?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

अमेरिकेत नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागणाऱ्या एच-१बी व्हिसाचे अर्ज फेटाळले जाऊ लागले की त्याची ठळक बातमी होते. फेटाळलेल्या अर्जाचे पुढे काय होऊ शकते, याबद्दल मात्र क्वचितच काही छापून येते. पुण्या-मुंबईतील असंख्य घरांचा या प्रश्नाशी थेट संबंध असल्याने थोडे सविस्तर लिहीत आहे.

नकार दोन ठिकाणी मिळू शकतो आणि बातम्यांत या दोहोंची सरमिसळ होते. मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात स्टॅम्पिंगच्या, म्हणजे पासपोर्टवर व्हिसा घेण्याच्या, वेळी अधिकाऱ्याने नकार दिला, तर अमेरिकी न्यायालये त्यात सहसा हात घालत नाहीत. २०२४ मध्ये मुनोझ प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकी नागरिक असलेल्या पत्नीलाही पतीच्या नाकारलेल्या व्हिसाबद्दल दाद दिली नाही, तेव्हा नोकरीसाठी निघालेल्याने काय आशा धरावी! त्याआधीच्या टप्प्यावर, म्हणजे कंपनीने कर्मचाऱ्यासाठी केलेला अर्ज (पिटिशन) यूएससीआयएस या अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर खात्याने फेटाळला तर, परिस्थिती बरीच वेगळी असते. साधारण तीस दिवसांत खात्याकडेच फेरविचाराची मागणी किंवा अपील करता येते, अथवा अपिलाची पायरी न चढता १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याखाली थेट संघीय जिल्हा न्यायालयात जाता येते.

हा मार्ग नुसता कागदावरचा नाही. २०१८ मध्ये यूएससीआयएसने एक परिपत्रक काढून, ग्राहक कंपनीच्या जागेवर काम करणाऱ्यांसाठी संपूर्ण मुदतीतील कामाचे करार व तपशील मागायला सुरुवात केली. आयटी सेवा देणाऱ्या कंपन्यांची त्यात मोठी अडचण झाली, कारण तीन वर्षांचे काम आधीच लिहून देणारा ग्राहक सापडणे कठीण. या कंपन्यांची संघटना न्यायालयात गेली आणि मार्च २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायाधीश रोझमेरी कॉलियर यांनी खात्याची ही भूमिका कायद्यात न बसणारी ठरवली. जूनमध्ये खात्याने ते परिपत्रक मागे घेतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इनोव्हा सोल्युशन्सच्या प्रकरणात नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने संगणक प्रोग्रॅमरच्या पदाला एच-१बीसाठी आवश्यक ती पदवी लागत नाही, हा खात्याचा निष्कर्ष मनमानी म्हणून रद्द केला. पुढे जून २०२४ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने, संदिग्ध कायद्याचा सरकारी खात्याने लावलेला अर्थ न्यायालयांनी मान्य केलाच पाहिजे असे नाही, असा निर्णय दिल्याने दाद मागणाऱ्यांची बाजू आणखी बळकट झाली आहे.

अर्थात न्यायाधीश स्वतः एच-१बी देत नाहीत. निर्णय चुकीचा ठरला तर बहुधा प्रकरण खात्याकडे परत जाते. शिवाय तपासणी होते ती खात्यापुढे असलेल्या कागदांवरच. आरएफईच्या, म्हणजे खात्याने आणखी पुरावे मागणाऱ्या पत्राच्या, उत्तरात ग्राहकाचे पत्र जोडायचे राहिले असेल, तर ते सहसा न्यायालयात नव्याने पुढे करता येत नाही.

माझ्या मते खरी अडचण याहून वेगळी आहे. खात्याच्या नियमांप्रमाणे अर्जदार कंपनी असते. ज्याचे आयुष्य त्या अर्जावर टांगलेले असते तो कर्मचारी अपिलासाठी बाधित पक्षच मानला जात नाही. ग्रीन कार्डाच्या काही प्रकरणांत न्यायालयांनी कर्मचाऱ्यांना दाद मागू दिली आहे, परंतु एच-१बीच्या बाबतीत लढायचे की नाही हे व्यवहारात कंपनीच ठरवते. नकाराचे सविस्तर कारण असलेले पत्र जाते तेही कंपनीला आणि तिच्या वकिलाला. पुष्कळदा कर्मचाऱ्याला एवढेच कळते की ‘नाही झाले’, आणि तोपर्यंत अपिलाची मुदत उलटून गेलेली असते. खटल्याचा खर्च आणि खात्याशी वाकडेपणा नको म्हणून कंपन्या हात आखडता घेतात, हे समजण्याजोगे आहे. पण ६५,००० आणि अमेरिकेतील उच्च पदवीधरांसाठीच्या आणखी २०,००० जागांच्या सोडतीत नाव लागलेल्याला पुन्हा पुढच्या वर्षीच्या सोडतीपासून सुरुवात करावी लागते, याचा हिशेब त्यात धरला जात नाही.

म्हणून ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वीच, पिटिशन फेटाळल्यास निर्णयाची प्रत तत्काळ मिळेल का आणि कंपनी दाद मागणार का, हे लेखी विचारून घ्यावे. आपल्या वृत्तपत्रानेही यापुढे अशी बातमी देताना नकार यूएससीआयएसचा की दूतावासाचा, आणि अपिलाची मुदत किती, एवढे तरी अवश्य छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वकील, कोथरूड, पुणे