घाई कर, पण पहिल्या फुगण्यात

बडोदे
२० जानेवारी

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

शनिवारी सातला मित्र जेवायला येणार, पाचला काम आटपून पाव घरीच करायला घेतले तर होतील का, असं तू काल फोनवर विचारलंस. होतील. बंगळुरूला तू बडोद्याची शेव-उसळ करून घालणार हे ऐकून बाबा फार खूश झालेत. घराजवळ मिळणारा पाव गोड लागतो आणि तर्रीत घातला की त्याचा लगदा होतो, ही तुझी तक्रारही पटली. फोनवर मी प्रमाणं सांगितली, पण प्रमाणं कुठेही मिळतात. मला सांगायचं होतं ते वेळेबद्दल, आणि ते बोलता बोलता राहून गेलं.

पावाचं पीठ दोनदा फुगतं. एकदा मळून ठेवल्यावर आणि एकदा गोळे वळून टिनमध्ये मांडल्यावर. घाई असेल तेव्हा पहिल्या फुगण्यावर कात्री चालवायची, दुसऱ्याला हात लावायचा नाही. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. पातेल्यात पीठ दुप्पट झालेलं बघून त्यांना हुरूप येतो, तास-दीड तास त्यात घालवतात, आणि मग गोळे वळले की पाहुणे दारात म्हणून टिन सरळ ओव्हनमध्ये. असे पाव बाजूने फाटतात आणि आत गच्च राहतात. पहिल्या फुगण्यात जमलेली हवा गोळे वळताना निघूनच जाते रे. त्या वेळात पिठाला चव येते, ताण येतो, हे खरं. पण खाताना जो हलकेपणा लागतो तो सगळा दुसऱ्या फुगण्याचा. म्हणून पहिल्याला पंधरा मिनिटं, दुसऱ्याला लागतील तितकी.

पहिल्या फुगण्यातून जे गमावतो ते दुसऱ्या वाटेने भरून काढायचं. यीस्ट थोडं जास्त, दूध कोमट, आणि मळणं मन लावून. बारा पावांसाठी ४०० ग्रॅम मैदा, ३ सपाट चहाचे चमचे म्हणजे साधारण ९ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, २५० मिलिलिटर दूध, ५० ग्रॅम लोणी, साखर २५ ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम. सूपबरोबर खायचे असते तर साखर ४० ग्रॅमपर्यंत चालली असती, उसळीला नको. अमूल बटर घेतलंस तर त्यात मीठ असतंच, मग वरून एक सपाट चहाचा चमचा मीठ पुरे. वाट्यांनी मोजू नकोस. मैदा दाबून भरला की भुरभुरून भरला यावर एका वाटीत बराच फरक पडतो. तुझ्याकडे कॉफीसाठी घेतलेला वजनकाटा आहे, तोच काढ.

यीस्टचं पाकीट किती दिवस उघडं आहे? खात्री नसेल तर शनिवारची वाट बघू नको, आजच तपास. अर्धी वाटी कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि चमचाभर यीस्ट टाक. दहा मिनिटांत वर जाड फेस आला आणि ताज्या पावाचा वास सुटला तर ते जिवंत आहे. पाणी नुसतं गढूळ झालं तर नवीन पाकीट आण. उरलेलं यीस्ट घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेव. आणि दुकानात जाडसर दाण्यांचं ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट मिळालं तर तेही चालतं, फक्त ते आधी कोमट दुधात दहा मिनिटं भिजवावं लागतं आणि सव्वापट घ्यावं लागतं. इन्स्टंट सरळ मैद्यात मिसळायचं.

दूध मात्र उकळून घे. पिशवीतलं पाश्चराइज्ड असलं तरी उकळ. न उकळलेल्या दुधातली काही प्रथिनं पिठाचा ताण सैल करतात, उकळल्यावर त्यांचा तो गुण जातो. मग ते विरजणाला लागतं तसं कोमट होऊ दे, ४० अंशांच्या आसपास. तू आजीच्या हाताखाली दही लावलेलं आहेस, करंगळी बुडवून तो अंदाज तुला येईल. आम्ही होम सायन्सला असताना लॅबमध्ये यीस्टचे पेले शेजारी शेजारी ठेवायचो, एक थंड पाण्याचा, एक कोमट, एक कढत. कोमट पेला बघता बघता फेसाने भरायचा, थंड पेला उशिरा जागा व्हायचा, आणि कढत पेल्यात काहीच व्हायचं नाही. कढत पाण्याने यीस्ट मेलेलं असतं, साधारण ६० अंशांपुढे ते टिकत नाही. आंबवणं हे जिवंत यीस्टचं काम आहे हे लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने १८५७ च्या सुमारास दाखवलं, पण मला ते पटलं त्या तीन पेल्यांनी. म्हणून शंका आली तर दूध थोडं गार असलेलं बरं. गार दुधाने वीस मिनिटं जास्त लागतील. कढत दुधाने सगळंच जाईल.

आता मळणं. मैदा, यीस्ट, साखर आणि मीठ कोरडंच नीट एकत्र कर, दूध घाल, पीठ गोळा झालं की मग लोणी घाल. लोणी आधी घातलं तर मैद्याला तुपकट थर बसतो आणि पिठाला ताण यायला वेळ लागतो. लोणी घातल्यावर पीठ एकदम बिघडल्यासारखं दिसेल, बोटांना चिकटेल, परातीत घसरेल. इथे घाबरून मैदा टाकू नकोस! ह्या एका ठिकाणी मैदा टाकल्यामुळे जितके पाव दगड झाले असतील तितके दुसऱ्या कशाने झाले नसतील. हाताला तेलाचं बोट लावून मळत राहा. तळव्याच्या टाचेने पुढे ढकलायचं, दुमडायचं, चतकोर वळसा फिरवायचं, पुन्हा ढकलायचं. दहा मिनिटांत ते परात सोडतं आणि गुळगुळीत होतं. मग लिंबाएवढा तुकडा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणून बघ. फाटायच्या आधी इतका पातळ पापुद्रा झाला की पलीकडचा उजेड दिसतो, तर झालं. लगेच फाटला तर अजून तीन-चार मिनिटं. पहिलं फुगणं तोडलंय, त्यामुळे हा ताण हातानेच आणावा लागतो, इथे कसर ठेवू नकोस.

पातेल्यावर ओलं फडकं टाकून पंधरा मिनिटं ठेव. तेवढ्यात उसळीचा कांदा चिरून होईल. ही पंधरा मिनिटं फुगण्यासाठी कमी आणि पीठ सैलावण्यासाठी जास्त. ती न देता वळायला घेतलंस तर गोळा पुन्हा पुन्हा आक्रसेल.

मग पीठ तोलून बारा भाग कर, एकेक साधारण ६० ग्रॅमचा. डोळ्यांनी केलेस तर लहान पाव करपतो तोवर मोठा आत कच्चा असतो. एक भाग घे, कडा चारी बाजूंनी मध्ये ओढून चिमटीत दाब, आणि चिमटीची बाजू खाली करून ओट्यावर ठेव. ओट्यावर मैदा भुरभुरू नकोस, कोरडा स्वच्छ ओटाच हवा. हाताचा पंजा त्यावर पालथ्या वाटीसारखा ठेवून गोल फिरव. खालची बाजू ओट्याला किंचित धरते आणि त्यामुळे वरचा पापुद्रा ताणला जातो. पाच-सहा फेऱ्यांत गोळा घट्ट, गुळगुळीत आणि उभा राहिलेला दिसेल. पहिले दोन वेडेवाकडे होतील, ते मधे ठेव. तुझं ९ इंचाचं गोल केकचं टिन पुरेल. लोणी लावून कडेने नऊ आणि मध्ये तीन, एकमेकांत बोटभर अंतर ठेवून. फुगून एकमेकांना टेकले की बाजू मऊ राहतात, आपल्या लादीपावासारख्याच.

आता दुसरं फुगणं, ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले. घड्याळ बघू नकोस, गोळे बघ. इथे बडोद्यात मे महिन्यात पारा ४२ वर जातो तेव्हा वीस मिनिटांत गोळे टिनाच्या वर येतात आणि सावध नसलं तर उतरूही लागतात. उत्तरायणाच्या दिवसांत त्याच ओट्यावर, त्याच पिठाला तासही लागतो. तुझं बंगळुरू यीस्टला मानवणारं आहे, ना इतकं तापत ना इतकं गारठत. शिवाय ते सुमारे ९०० मीटर उंचावर, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पीठ किंचित लवकर वर येतं. माझा अंदाज अर्धा तास ते चाळीस मिनिटं. संध्याकाळी गार वाटलं तर बंद ओटीजीत, म्हणजे तुझ्या ओट्यावरच्या विजेच्या ओव्हनमध्ये, गरम पाण्याची वाटी ठेवून टिन आत ठेव, फक्त ओटीजी तापवायच्या आधी टिन बाहेर काढायला विसरू नकोस.

झालं की नाही ते बोट सांगतं. बोटाला थोडा कोरडा मैदा लावून एका गोळ्याच्या कडेला हलकेच दाब. खळगा पटकन भरून आला तर थांब. सावकाश, अर्धवट भरला तर लगेच ओव्हनमध्ये. भरलाच नाही तर वेळ टळून गेली आहे, तेव्हाही ताबडतोब भाज, आणखी ठेवलंस तर बसतील. आणि साडेसहाला बोटाने अजून थांब म्हटलं, तर थांब. मित्रांना पाच मिनिटं गप्पा मारू देत. उसळ गरम राहते.

ओटीजी आधीच १९० अंशांवर पंधरा मिनिटं तापलेला असू दे, दोन्ही रॉड चालू, टिन मधल्या खाचेत. वरून दुधाचा हात फिरव. यीस्टला दुधातली साखर पचत नाही, ती जशीच्या तशी उरते आणि तिच्यामुळेच वर छान तपकिरी रंग येतो. लहान ओटीजीत हा रंग लवकर चढतो, तेव्हा बारा मिनिटांनी डोकाव आणि गडद वाटलं तर वर फॉइल टाक. अठरा ते वीस मिनिटं लागतील. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधल्या पावात खुपस, ९० च्या वर दाखवला की झाला. बाहेर काढल्या काढल्या वरून लोणी लाव, पाच मिनिटांनी टिनातून काढून जाळीवर ठेव. टिनातच ठेवलेस तर खालून घाम सुटून तळ ओला होतो.

एक मात्र कबूल केलं पाहिजे, दोन तासांच्या पावाला रात्रभर मुरलेल्या पावाची चव येत नाही. तो आंबूस, किंचित खमंग वास वेळेनेच येतो. गोव्याचे पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पीठ ताडीने आंबवायचे, त्या पावाची चव लोक अजून काढतात, ती त्या सावकाश आंबण्याची. पुढे कधी सवड असेल तर यीस्ट ३-४ ग्रॅमच घे, मळून डबा रात्रभर फ्रीजमध्ये ठेव आणि सकाळी वळ. पण शनिवारी तुझ्या पावासमोर पांढऱ्या वाटाण्याची उसळ, लाल तर्री, जाड शेव आणि पातीचा कांदा असणार. तिथे पाव मऊ, ताजा आणि तर्री शोषून घेणारा असला की काम भागतं, आणि त्या कामाला हे पाव उत्तम आहेत. मला तर शेव-उसळीबरोबर हेच जास्त आवडतात.

उरले तर फ्रीजमध्ये ठेवू नकोस, फ्रीजच्या थंडीत पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा आणि कडक होतो. रविवारपर्यंत डब्यात राहू दे, त्यापुढे ठेवायचे तर पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये.

तर्री बेताची तिखट कर, सगळ्यांना बडोद्याची सवय नसते. बाबा विचारताहेत, शेव इथून पाठवायची का? आज सांगितलंस तर उद्या सकाळी कुरियर करू, शनिवारपर्यंत पोचायला हवी.

आणि पाव झाले की फोटो पाठव, वरचा एक आणि एक पाव उलटा करून तळाचा. तळाच्या रंगावरून मला कळेल की तुझ्या ओटीजीचा खालचा रॉड जास्त तापतो की कमी. मग पुढच्या वेळी टिन कुठल्या खाचेत ठेवायचं ते सांगते.

तुझी,
आई