कानाने धरलेला नेम

संपादक महोदय,

हिवाळी पॅरालिम्पिकची बातमी आपल्याकडे आली तरी पदकतक्त्यावरच संपते. खरी गंमत खेळात आहे. स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र असलेल्या बायथलॉनमध्ये दृष्टिहीन खेळाडू बर्फावरून स्कीइंग करत येतात आणि नेम धरतात तो कानाने! रायफल लक्ष्याच्या मध्याकडे सरकते तसा हेडफोनमधला सूर बदलतो. नेमका सूर ऐकून चाप ओढायचा, तोही धाप लागलेली असताना. पुढे राहून वाट सांगणाऱ्या मार्गदर्शकालाही पदक मिळते, हे मला विशेष आवडते.

१९७६ मध्ये स्वीडनला सुरू झालेल्या हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये २०१८ पर्यंत चीनच्या नावावर एकच पदक होते, व्हीलचेअर कर्लिंगचे, म्हणजे व्हीलचेअरवर बसून बर्फावरून जड दगड लक्ष्याकडे सरकवण्याच्या खेळाचे. २०२२ मध्ये बीजिंगला त्यांनी १८ सुवर्णांसह ६१ पदके जिंकली. घरचे मैदान होते हे मान्य; पण नुसत्या यजमानपदाने एवढी झेप जमत नाही. आपण मात्र बर्फाची सबब सांगतो. गुलमर्ग, औली काय फक्त पर्यटकांसाठी आहेत? आणि कर्लिंग तर बंदिस्त रिंकमध्येही खेळता येते.

क्रीडा पानावर या खेळांचे नियम समजावणारी एखादी चौकट जरूर द्यावी.

– एक वाचक, सातारा