सफरचंद आडवं कापणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

बालवाडीच्या दारात आपली रोज भेट होते, पण त्या गडबडीत मनातलं बोलायचं राहूनच जातं. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही मुलांना कसं शिकवता ते इतर आईबाबांनाही कळायला हवं.

माझी लेक साडेतीन वर्षांची. माती, डिंक, रंग, काहीही ओलं-चिकट हाताला लागलं की रडायची. त्या दिवशी मी वर्गात मदतीला आले तेव्हा मला धास्तीच होती. सफरचंदाचे ठसे म्हणजे आज रडारड होणार!

पण तुम्ही रंग काढलेच नाहीत. आधी प्रत्येकाच्या हातात अख्खं सफरचंद दिलंत. वास घ्या, गालाला लावून बघा, देठ कुठंय ते शोधा. खालच्या खळगीतलं वाळकं टोक एक मुलगा घाण समजून नखाने काढायला लागला, तेव्हा तुम्ही त्याच्याजवळ बसून म्हणालात, "अरे, हे तर फुलाचं राहिलेलं आहे. सफरचंद आधी फूल होतं ना!" इतकी वर्षं सफरचंद खातेय, पण त्या टोकाकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

मग सुरी हातात घेऊन तुम्ही विचारलंत, "आत काय असेल?" आणि गप्प राहिलात. पाणी, अळी, आणखी एक छोटं सफरचंद... एकाही उत्तराला तुम्ही चूक म्हटलं नाहीत. सगळ्यांचं सांगून झाल्यावर सफरचंद आडवं कापलंत.

"चांदणी!" माझी लेक ओरडली. वर्गात तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. पाचही कप्प्यांत बोट घालून तिने एक ते पाच मोजले. बोट ओलं झाल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. चार कप्प्यांत एक-दोन बिया होत्या, एक कप्पा मात्र रिकामा निघाला. "इथं कुणी राहत नाही?" तिने विचारलं. "आत्ता तरी नाही," तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात.

ठशांच्या वेळी तुम्ही कापलेली बाजू कागदाने टिपून घेतलीत, नाहीतर रंग ओघळतो आणि चांदणी उमटत नाही. सफरचंदाच्या पाठीत काटा खोचून मूठ करून दिलीत, म्हणजे रंगाला हात लावायची सक्ती नाही. तिने तीन ठसे काट्याला धरून उमटवले. चौथ्याला काटा काढून ठेवला आणि तळवा रंगात बुडवून कागदावर दाबला. माझे डोळे भरून आले होते, ताई.

सफरचंद पाण्यावर का तरंगतं, तेही त्या दिवशी झालं. त्याच्या आकारमानाचा जवळपास पाव हिस्सा हवाच असते. घरी येऊन तिने टबात दिसेल ते फळ बुडवून पाहिलं. लिंबू लावलेली फोड आणि न लावलेली फोड शेजारी ठेवून कोणती आधी तांबूस पडते, हा खेळ तर आमच्याकडे अजून चालू आहे.

छापील चित्रात लाल रंग भरून घेणं तुम्हाला किती सोपं गेलं असतं! त्याऐवजी वीस मुलं, सुरी, पाणी, रंग असा सगळा पसारा तुम्ही अंगावर घेतलात. रंगाची सफरचंदं वेगळ्या टोपलीत, खायची वेगळ्या. कच्च्या सफरचंदाचा कडक तुकडा लहान मुलांच्या घशात अडकू शकतो, म्हणून खायला अगदी पातळ काप, तेही सगळी खाली बसल्यावरच. बिया चावायच्या नाहीत म्हणून आधीच काढलेल्या. कुणाला कशाची ॲलर्जी आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवलेलं. हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून त्याचे आभार वेगळे मानते.

तुम्ही तिला दिलेल्या चार बिया ओल्या कागदात गुंडाळून आम्ही डबीत ठेवल्या आहेत. रुजण्याआधी त्यांना दोन-तीन महिने थंडी लागते, म्हणून डबी फ्रिजमध्ये आहे. रोज सकाळी दात घासायच्या आधी ती डबी उघडून बघते. सहा आठवडे झाले. कोंब दिसला की घरात कुणाला दाखवायच्या आधी तुमच्याकडे आणायचा, असं तिने मला बजावून ठेवलंय.

तुमची ऋणी,
चांदणी पाहून ओरडलेल्या मुलीची आई